गाली पोतोंदी!

मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे माझं मराठी यथातथाच. त्यात मामाचं गाव सिरोंचा, म्हणजे अर्धं बोलणं तेलुगूत! दिवाळीत मामाच्या गॅरेजमध्ये एक ट्रॅव्हल्स बस आली, डावीकडे कललेली. म्हातारे मिस्त्री पुटपुटले, "गाली पोतोंदी." मला वाटलं, शिवी दिली. पण तेलुगूत गाली म्हणजे हवा!

एअर सस्पेन्शनमध्ये पाट्यांऐवजी रबरी फुगे असतात. लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी ॲक्सलला जोडलेली. गाडी दबली की फुग्यात हवा भरते, उचलली की सोडते. एवढी थिअरी मला पाठ होती.

मिस्त्रींनी मात्र आधी चाकांना दगड लावले, चॅसिसखाली सागाचे जाड ठोकळे सरकवले. फुगा अचानक गेला तर बस खाली बसते, आणि खालच्या माणसाला हात काढायलाही वेळ मिळत नाही. हे आमच्या व्हायवात कुणी विचारत नाही बरं का!

मग इंजिन चालवून हवा भरली, बंद केलं, आणि ब्रशने साबणाचं पाणी. आधी फुग्याच्या घड्यांवर, कारण रबर तिथेच चिरतं आणि फुगा भरल्याशिवाय ती चीर दिसत नाही. तिथे काही नाही. (सुटलो! नवा फुगा आणायला गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर.) पाइपच्या जोडावर मात्र फेस बुडबुडला. नायलॉनच्या पाइपचं टोक तिरकं कापलेलं, म्हणून आतली रबरी रिंग नीट धरत नव्हती. हवा सोडून मिस्त्रींनी ब्लेडने टोक सरळ कापलं, पुन्हा खोचलं, पुन्हा साबण.

तासभर थांबलो. बस हलली नाही. टपरीवरचे प्रवासी चढले, मिस्त्रींनी उरलेल्या साबणाने हात धुतले.