कोलंबसची पंगत

कोलंबसाने अमेरिका शोधून काढली हे आम्ही शाळेत पाठ केले होते. मला मात्र अमेरिकेत जाऊन कोलंबस शोधावे लागले. या नावाची गावे त्या देशात अनेक. त्यांतले सर्वांत मोठे ओहायो राज्यात आहे, आणि आमच्या महाविद्यालयातील भूगोलाच्या प्राध्यापकांनी मला नकाशावर मोठ्या आत्मविश्वासाने दाखविले ते तेच! माझे थोरले बंधू वीस वर्षे बिऱ्हाड करून आहेत ते कोलंबस इंडियाना राज्यातले. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला सुमारे सत्तर किलोमीटरवर, पन्नास हजार वस्तीचे. आमच्या सांगलीकडून पाहिले तर एखादे तालुक्याचे ठिकाण. पण डिझेल इंजिने बनविणाऱ्या कमिन्स कंपनीचे हे जन्मगाव. १९१९ साली ती इथे जन्मली, आणि १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यास आली. तेव्हापासून पुणे–कोलंबस अशी एक न दिसणारी एस.टी. चालूच आहे. दादा त्याच गाडीने गेला.

मी गेलो तो प्रवासाच्या हौसेने नव्हे, आईला परत आणायला गेलो होतो. वडील गेल्यावर दादाने तिला जुलै २०२४ मध्ये तिकडे नेले. पाहुणीचा परवाना सहा महिन्यांचा. तो जानेवारीत संपणार. दादाचे म्हणणे, "मी इथला नागरिक आहे, कागदपत्रे करून आईला कायमचीच ठेवून घेऊ." माझे म्हणणे, शहात्तराव्या वर्षी झाड उपटून बर्फात लावू नये. फोनवर हा वाद मिटेना, तेव्हा अर्जित रजा टाकून डिसेंबरच्या मध्यास मीच जाऊन धडकलो.

आई खिडकीशी बसून वाट पाहत असेल, मला पाहताच तिचे डोळे भरून येतील, असे काहीसे चित्र मी विमानात रंगविले होते. प्रत्यक्षात ती नातवाशेजारी कोचावर पाय वर घेऊन बसली होती, आणि समोरच्या पडद्यावर दहा ताडमाड माणसे एका चेंडूमागे धावत होती. "अरे, हात धू आणि बस," ती म्हणाली. "आपले हरायला लागलेत."

'आपले' म्हणजे इंडियाना पेसर्स, हे मला वहिनीने चहा देताना सांगितले.

बास्केटबॉल आपल्याकडे शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात असतो. पोरे पावसाळ्यात त्या खांबाला दप्तरे अडकवितात. इंडियानात तो गावाचा देव आहे. अमेरिकेतील शाळांच्या सर्वांत मोठ्या क्रीडागृहांपैकी बहुतेक या एकाच राज्यात आहेत. कोलंबसमधल्या एका माध्यमिक शाळेच्या क्रीडागृहात सात हजारांच्या आसपास माणूस बसतो! शुक्रवारी संध्याकाळी पुतण्याबरोबर मी तिथे गेलो, तर अर्धे गाव आलेले. किराणा दुकानातली बाई होती, दादाचे दंतवैद्य होते, कडेवर तान्ही मुले घेतलेल्या आया होत्या. मैदानावर पंधरा-सोळा वर्षांची पोरे, आणि त्यांच्या चुकांवर हळहळणारे सत्तरीचे आजोबा.

खरे म्हणजे या गावाची कीर्ती वेगळ्याच कारणासाठी आहे. एलिएल सारिनेनने बांधलेले १९४२ चे चर्च, आय. एम. पेईने बांधलेले १९६९ चे ग्रंथालय, अशा इमारती पाहायला दूरदूरचे वास्तुशास्त्रज्ञ इथे येतात. १९५० नंतरच्या दशकात कमिन्सने शब्द दिला की सार्वजनिक इमारत बांधा, चांगला वास्तुविशारद बोलवा, त्याचे मानधन आम्ही देऊ. दादाने मला हे सारे एका दुपारी मोटारीतून दाखविले. मी वहीत टिपून घेतले. पण गावाचा जीव मला सापडला तो केस कापायच्या दुकानात.

तीन खुर्च्यांचे दुकान. मालक दादाला नावाने हाक मारतो आणि कापतो कमी, बोलतो जास्त. ही जात जगात सर्वत्र एकच आहे. भिंतीशी बाक, त्यावर केस कापायचे नसलेली माणसे. सांगलीत तालमीबाहेरच्या कट्ट्यावर पैलवानांच्या मांडीची चर्चा चालते, तशी तिथे टायरिस हॅलिबर्टन नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराची चालली होती. त्या संघाचा तो 'पॉइंट गार्ड'.

या शब्दाने मला आधी चकविले. आमच्याकडे गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यातला, हिरवा बावटा दाखविणारा. इथला गार्ड इंजिनात बसतो. एका बाजूला पाच गडी. चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत दहा फूट उंचीच्या कड्याकडे तो फेकायचाच. त्या चोवीस सेकंदांत चेंडू पुढे आणणे, कोण मोकळा आहे ते हेरणे, त्याला नेमक्या जागी नेमक्या क्षणी तो पोचविणे हे काम पॉइंट गार्डचे. मराठीत याला काय म्हणावे? मी सूत्रधार, कर्णधार, सारथी असे शब्द मनात मांडीत होतो. रात्री जेवताना आईला विचारले. ती म्हणाली, "वाढपी."

मी वही मिटली.

हा वाढपी मोठा नामांकित होता. आदल्या हंगामात सर्वांत जास्त चेंडू वाढून गुण करविणारा म्हणून तो साऱ्या साखळीत पहिला आला होता, सामन्याला सरासरी १०.९. पाच वर्षांच्या, वीस कोटी डॉलरांहून मोठ्या कराराचे हे पहिलेच वर्ष. आणि नेमके त्याच वर्षी काहीतरी बिनसले. २५ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये त्याने आठ वेळा चेंडू फेकला, एकही आत गेला नाही. "सदऱ्यावर आकडा शून्य, आणि गुणही शून्य!" बाकावरचा एक जाड गृहस्थ म्हणाला. खरोखरच त्याचा क्रमांक शून्य आहे. ८ डिसेंबरला संघाचा हिशेब होता दहा विजय, पंधरा पराभव. वर्ष संपले तेव्हा सोळा आणि अठरा.

अर्ध्या हंगामातील माणसे मोठी विचित्र असतात. हंगामाच्या आरंभी सर्वांना आशा असते, शेवटी निकाल असतो. मध्ये असतो फक्त संशय. एकाचे म्हणणे, जानेवारी २०२४ मध्ये मांडीचा स्नायू दुखावला तेव्हापासून त्याच्यात ती उसळी राहिली नाही. दुसरा म्हणे, पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये बाकावर बसून सुवर्णपदक मिळाले, तिथेच पोर बिघडले. एक बाई नातवाचे केस कापून घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याच शहरातली केटलिन क्लार्क बघा. पहिल्याच वर्षी चेंडूही वाढला आणि गुणही केले. त्या मुलीकडे पाठवा याला शिकवणीला." पण सर्वांची मुख्य तक्रार एकच: हा स्वतः घेत नाही. संघ बुडतो आहे, आणि हा चेंडू दुसऱ्याला देतो!

बाकाच्या टोकाला एक ऐंशी वर्षांचे म्हातारबुवा होते. ते म्हणाले, "मी दहा वर्षांचा होतो तेव्हा प्लम्पने चार मिनिटे चेंडू हातात धरून ठेवला होता."

दुकान एकदम शांत झाले, जसे आपल्याकडे कोणी खाशाबांचे नाव काढले की होते.

ती कथा अशी. मिलान नावाचे खेडे (लिहायचे मिलान, म्हणायचे मायलन) आणि १६१ मुलांची शाळा. १९५४ साली ती राज्याच्या अंतिम सामन्यात पोचली; समोर मन्सी सेंट्रलची बलाढ्य शाळा. शेवटच्या भागात बॉबी प्लम्प हा पोरगा चेंडू हातात घेऊन चार मिनिटांहून जास्त वेळ नुसता उभा राहिला. तेव्हा चोवीस सेकंदांचा नियम त्यांना नव्हता. मग अखेरच्या क्षणी त्याने तो फेकला. ३२–३०. म्हातारबुवांनी हे रेडिओवर ऐकले होते. "चार मिनिटे काहीच ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले, "आणि आमच्या घरात कोणी श्वास घेत नव्हतं."

तो सामना झाला ते इंडियानापोलिसचे क्रीडागृह, आज हिंकल फील्डहाउस, दादाने मला दाखविले. १९२८ ची विटांची इमारत. उंच खिडक्यांतून हिवाळी ऊन लाकडी जमिनीवर सांडलेले. १९८६ च्या 'हूझियर्स' या चित्रपटातला शेवटचा सामना इथेच चित्रित झाला, म्हणून लोक येऊन छायाचित्रे काढतात. पण मला तिथे उभे राहून आठवत राहिली दादाने सांगितलेली दुसरी गोष्ट. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, याच जमिनीवर क्रिस्पस ॲटक्स ही केवळ काळ्या मुलांची शाळा जिंकली. त्यांचा मुख्य खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन पुढे जगातल्या थोर गार्डांपैकी एक झाला. विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मधल्या चौकात रेंगाळायची, नाचायची रीत. या पोरांना चौकाला वळसा घालून काळ्यांच्या वस्तीतल्या बागेत नेले. मिलानवर चित्रपट निघाला. असो.

एकदा आईही दुकानात आली. मोटारीत थांबणार होती, पण बाहेर शून्याखाली दहा अंश. लुगड्यावर दादाचा जाड कोट, डोक्याला नातवाची निळी-पिवळी लोकरी टोपी. चर्चा चालूच होती. मालकाने गंमतीने विचारले, "आजीबाईंचे काय मत?" पुतण्याने भाषांतर केले. आई म्हणाली, "त्यांना सांग, पंगतीला बसणारेच दोघं आजारी आहेत. वाढप्याला काय बोलता?"

'पंगत' या शब्दाशी पुतण्या बराच वेळ झुंजला. पण मुद्दा पोचला, कारण तो खरा होता. उंच जागी खेळणारे वाइजमन आणि जॅक्सन हे दोघे पहिल्या दहा-बारा दिवसांतच टाचेचा स्नायुबंध तुटून वर्षभरासाठी बाद झाले होते, दोघांचीही टाच. इतरही दोन चांगले गडी दुखापतींनी घरी. म्हातारबुवांनी आईकडे पाहून टोपी काढली. जाड गृहस्थ मात्र म्हणाला, "तरीपण!"

घरी आमचा हंगामही मध्यावर आला होता. रोज जेवण झाले की दादा आणि मी सुरू. तो दवाखाने, विमा, नातवंडांचा लळा मोजी. मी शेजार, देऊळ, भाषा, आमचे जुने घर मोजी. आवाज चढत. वहिनी उठून भांडी लावायला जाई. एका रात्री दादा म्हणाला, "तिकडे तिला कोण आहे?" आणि मी म्हणालो, "मी आहे ना!" यावर तो असे काही हसला की मी ताटावरून उठलो. चाळीस वर्षांत आम्ही इतके भांडलो नव्हतो.

आई वाटीत ताक ओतीत होती. ती आवाज न चढविता म्हणाली, "तुम्ही दोघं त्या न्हाव्याच्या दुकानासारखे बोलताय. त्यानं असं करावं, त्यानं तसं करावं. त्या पोराला कुणी विचारतं का, बाबा तुझा पाय दुखतोय का?"

कोणी काही बोलले नाही.

"माझे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "ही थंडी मला सोसत नाही. मी सांगलीला जाते. इथला उन्हाळा आला की आणशील तर येईन. कायमचं मला कुठेच काही नको. आता ताक घ्या."

दादा बराच वेळ वाटीकडे पाहत बसला. मी जिंकलो होतो असे म्हणायला हरकत नव्हती, पण मला तसे मुळीच वाटले नाही.

आमच्या निघण्याआधीचा रविवार, १२ जानेवारी. क्लीव्हलँडमध्ये सामना, आणि तो संघ सलग बारा सामने जिंकलेला. हॅलिबर्टनने मांडी आखडल्यामुळे खेळ अर्धवट सोडला. पुतण्याचा चेहरा उतरला. पण उरलेल्यांनी ओळीने गुण केले आणि इंडियाना १०८–९३ जिंकले. आई म्हणाली, "जेवून तृप्त झालेली माणसं मग स्वतःच वाढून घेतात." त्या नव्या वर्षापासून संघाने चौतीस सामने जिंकले आणि फक्त चौदा गमावले.

पुढचे वर्तमानपत्रांत आले. एप्रिल २०२५ मध्ये खेळाडूंनीच निनावी मते देऊन हॅलिबर्टनला 'गाजावाजा जास्त' असा किताब दिला, आणि मग त्या वाढप्याने एकदम पान मांडले. मिल्वॉकी, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क. दर फेरीत शेवटच्या क्षणी चेंडू याच्या हातून सुटे आणि आत पडे. ५ जूनला ओक्लाहोमा सिटीत अंतिम फेरीचा पहिला सामना संपायला तीन दशांश सेकंद उरले असताना त्याने तो जिंकला. आई इकडे सांगलीत होती. गुडघ्यांमुळे तिचे जाणे लांबले होते. पुतण्याचा फोन पहाटेच येई, आणि दोघे चेंडूचेंडूचा हिशेब करीत. दुकानातल्या जाड गृहस्थाने 'मी म्हटलंच होतं' असे म्हटल्याचेही कळले.

सातवा, निर्णायक सामना आपल्या २३ जूनच्या पहाटे साडेपाचला. मी आणि आई एका मोबाइलपुढे. बाहेर पाऊस. पहिल्या सात मिनिटांत त्याने तीनदा लांबून चेंडू टाकून नऊ गुण केले. मग तो पुढे झेपावायला गेला, आणि कोणी न ढकलता खाली पडला. तळहाताने जमीन बडवू लागला. टाच. पुढचा सबंध हंगाम तो खेळणार नाही, हे जुलैमध्ये जाहीर झाले. पण त्या पहाटे कोणी सांगायची गरज नव्हती.

मी मोबाइल बंद करू लागलो. आईने माझा हात धरला. उरलेले गडी मध्यंतरापर्यंत एका गुणाने पुढे होते. शेवटी ९१–१०३ असे हरले. आम्ही सगळा सामना पाहिला.

आठ वाजता फोन आला. तिकडे रात्रीचे साडेदहा. पुतण्या काही बोलेचना, नुसता श्वास ऐकू येत होता. आईने चष्मा काढून पदराने पुसला.

"जेवलास का?" तिने विचारले.

नव्हता जेवला. तिने त्याला फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आमटी असेल ती गरम करायला सांगितली, आणि त्याचे ताट संपेपर्यंत फोन कानाशी धरून बसली.