चूक धुण्याची नव्हे

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

दिवाळीचं गिऱ्हाईक सुरू झालं. अंबाबाईचं दर्शन आणि खरेदी एकाच फेरीत उरकणाऱ्यांची कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर रीघ लागली आहे.

सकाळी भवानी व्हायच्या आतच कागलकडच्या एक बाई साडी परत घेऊन आल्या. पिशवीत साडी, साडीच्या घडीत बिल आणि चेहऱ्यावर भांडायची पूर्ण तयारी. पहिल्याच धुण्यात काठाचा लाल रंग पांढऱ्या पदरावर उतरला होता. "मी आधीच सांगतो, बदलून घेतल्याबिगर जाणार नाही," त्या पायरीवरूनच म्हणाल्या. आमच्या सेल्समन बापूंनी त्यांना गादीवर बसवलं, पाणी दिलं. मग साडी दाराशी उजेडात नेली, स्वतःच्या रुमालाचं टोक ओलं करून काठावर घासलं. रुमाल गुलाबी झाला. तो त्यांच्यापुढे धरून बापू म्हणाले, "वैनी, चूक तुमच्या धुण्याची नव्हे. रंगच कच्चा हाय."

बाईंचा आवाज एकदम उतरला. "घरात सगळी मलाच बोलाय लागली होती," त्या म्हणाल्या.

बापूंनी दुसरी साडी दिली, आणि ती देण्यापूर्वी तिचाही काठ त्यांच्यासमोर ओल्या रुमालाने घासून दाखवला. मला विचारायला गल्ल्याकडे आले नाहीत. सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे माल बदलून द्यायचा अधिकार गादीवर बसणाऱ्या माणसाचा आहे. "मालकांना विचारतो" म्हणून गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं, की त्याला आपण गुन्हेगार आहोत असं वाटू लागतं. मोबाइलवरून मागवलेलं कापड परत करायला हल्ली नुसतं बटण दाबावं लागतं. सोय मोठी आहे, मी ती नाकारत नाही. पण घरात बोलणी खाऊन आलेल्या बाईला जे ऐकायचं असतं, ते त्या बटणातून मिळत नाही.

बाजारातल्या कितीतरी बिलांवर अजून 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून ग्राहकांच्या हक्कांची लढाई चालू आहे. बिलावर ते वाक्य छापणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा, असं मनापासून वाटतं.

दुपारी इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्या काठाचा उरलेला सगळा गठ्ठा परत जाणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर

थोरल्या दीरांना घेऊन चप्पल लाइनला गेले. त्यांना भाऊबिजेला अस्सल कापशी हवी होती. कापशी, कुरुंदवाडी, कानवाली असे एकेक जोड पुढ्यात आले. दुकानातला पोरगा विशीतला असेल. त्याने दीरांचा पाय हातात घेतला, अंगठ्याच्या बाजूने बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, साखर हाय का तुम्हाला?"

दीर हो म्हणाले. पोराने काढलेला जोड तिथल्या तिथे परत ठेवला.

नवं पायताण सुरुवातीला चावतंच. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेलं. तेल लावून, रोज थोडा वेळ घरात घालून ते पायाला बसवावं लागतं. तोवर फोड येणार, आणि साखर असलेल्या माणसाला फोड परवडत नाही, हे त्या पोराने नीट समजावून सांगितलं. "मऊ तळाची दुसरीकडं मिळतील, ती बघा. हे घेऊ नका." चार हजारांचं गिऱ्हाईक त्याने हातचं जाऊ दिलं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, यंदा जूनमध्ये मिलानच्या प्राडाच्या फॅशन शोमुळे तिचं नाव जगभर गाजलं. कोल्हापूरचं नाव राखणारी माणसं मात्र मला त्या पोरासारखी वाटतात. दीरांनी तिथेच दोन्ही पुतण्यांसाठी जोड घेतले आणि दुकानाचं कार्ड मागून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "यापुढं चप्पल इथलीच."

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

लिहायला त्राण नाही. रात्री साडेदहाला शटर ओढलं.

काउंटरवरच्या नव्या मुलीचे पाय सुजले होते. मी स्टूल दिलं, तर ती घाबरून उभीच. आधीच्या दुकानात बसलेलं दिसलं की पगार कापत, म्हणाली. केरळातल्या कापड दुकानांमधल्या बायकांना बसायचा हक्क मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं लढावं लागलं, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. दहा तास उभ्या राहिलेल्या मुलीने संध्याकाळी सातला आलेल्या बाईशी गोड बोलावं, अशी अपेक्षा धरायची कोणत्या तोंडाने? आमच्या जुन्या गादीची ही एक मोठी सोय आहे, गिऱ्हाईक आणि सेल्समन दोघंही बसलेले असतात.

एका पुरवठादाराने भिंतीवर लावायला पाटी दिली. ग्राहकाचं महत्त्व सांगणारं, गांधीजींच्या नावावर खपणारं तेच वाक्य. ते गांधीजींचंच असल्याचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. पाटी लावली नाही. त्या जागी खिळा ठोकून मुलींच्या पर्सा अडकवायची सोय केली.

रविवार, ९ नोव्हेंबर

ऊसतोडीची माणसं आली आहेत. दुपारी बीडकडचं एक कुटुंब बराच वेळ समोरच्या फुटपाथवरून आत बघत होतं. पायाला चिखल, म्हणून पायरी चढेनात. बापू स्वतः खाली उतरले. "या की वर, गादी धुता येती." त्यांनी एक लुगडं आणि पोरीला झबलं घेतलं. आठशेचा माल, पण त्यांच्यापुढेही तितक्याच साड्या उलगडल्या.

या गावाला हे कुणी शिकवायची गरज नसावी. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांना चहाचं हॉटेल घालून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पीत, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. तिथे राजाच गिऱ्हाईक झाला. दुकान कुणासाठी उघडं आहे याचं इतकं रोखठोक उत्तर दुसरं मला माहीत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रयाग चिखलीचा बस्ता. टेम्पो भरून माणसं, त्यात करवलीपासून आजीपर्यंत सगळ्या. शालूवर दोन तास, आहेराच्या साड्यांवर तीन. मध्ये आमच्याकडेच जेवणं.

२०१९ च्या पुरात चिखली बुडाली तेव्हा या घरातल्या साड्या चिखलात लडबडल्या होत्या. सासूबाईंनी ते गाठोडं दुकानात आणवलं, साड्या धुऊन पॉलिश करून दिल्या आणि फक्त धुलाईचे पैसे घेतले. त्यातल्या निम्म्या आमच्या दुकानातल्या नव्हत्याच. २०२१ ला पुन्हा पूर आला, तेव्हा त्या घरच्यांनी न विचारता गाठोडं पाठवलं. आज आजी सुनांना सांगत होत्या, "दुसरं दुकान बघायचंच न्हाई." सासूबाई असत्या तर हे त्यांना ऐकवायचं होतं.

मुलीचे वडील सारखे बेरीज करत होते. बापूंनी ते हेरलं. आहेराच्या यादीतल्या वीस साड्या त्यांनी आपणहून हलक्या रेंजमध्ये काढल्या, वडिलांना बाजूला घेऊन फरक सांगितला, बायकांसमोर आकडा उच्चारला नाही. बिल अकरा हजारांनी खाली आलं. घडी न मोडलेल्या साड्या लग्नानंतर महिनाभरात आणा, पैसे परत, असं बिलाच्या मागे लिहून त्यांनी खाली सही केली. मी शेजारी दुकानाचा शिक्का मारला.