माझ्या माहेरची मॅच

मैत्रिणींनो, माहेर म्हटलं की तुमच्या मनात काय येतं? कुणाला अंगणातली जाई आठवत असेल, कुणाला आईच्या हातची पुरणपोळी. मला मात्र एक आरोळी आठवते. उन्हाळ्यातली चार-साडेचारची वेळ, गच्चीवर वाळत घातलेले सांडगे, त्यांची राखण करत बसलेली मी आणि दोन गल्ल्या पलीकडून एकदम उठलेला हजारो गळ्यांचा आवाज, "गोऽऽल!"

माझं माहेर कोल्हापूरचं. घर छत्रपती शाहू स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर.

कोल्हापूर म्हटल्यावर तुम्हाला अंबाबाई आठवेल, रंकाळा आठवेल, तांबडा-पांढरा रस्सा तर आठवेलच! कुस्तीही ठाऊक असेल. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं खासबाग मैदान आजही दिमाखात उभं आहे. पण या कुस्तीच्या गावाला फुटबॉलचं केवढं वेड आहे, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. गंमत म्हणजे हे वेड तालमींमधूनच वाढलं. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं ऐकून तुम्हाला लंगोट कसलेले पैलवान दिसतील. पण ही सगळी फुटबॉल संघांची नावं! त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'केएसए', हे सामने भरवते. थंडीत हंगाम सुरू झाला की पावसाळा तोंडावर येईपर्यंत पेठापेठांत दुसरा विषय नसतो. आमची पेठ कुठली आणि आमचा संघ कुठला, ते मात्र विचारू नका. छापून आलं तर निम्मं कोल्हापूर मला माहेरी पाऊल टाकू देणार नाही!

स्टेडियम जिथं आहे, तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं, असं जुनी माणसं सांगतात. रावणेश्वराचं देऊळ अजून शेजारी आहेच. मी लहान असताना मॅचच्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, डोक्यावर टोपी आणि खिशात भाजलेल्या शेंगा अशा थाटात तीनलाच बाहेर पडायचे. दादा त्यांचं बोट धरून जायचा. आई आणि मी गच्चीवर. आरोळी अर्ध्यावर तुटली तर नेम चुकला, लांबली तर गोल, हे आईला पक्कं कळायचं. पापड लाटता लाटता ती सांगायची, "आपला झाला गं!" मी एकदा हट्ट धरला, "मला पण न्या." आबा म्हणाले, "बायकामाणसांनी तिथं काय करायचं?" रागावून नव्हे, अगदी सहज. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं बी.ए. झाले, लग्न होऊन कराडला आले, पण स्टेडियमची पायरी काही चढले नाही. फुटबॉल मी फक्त कानांनी ऐकला.

या मे महिन्यात मी लेकीला घेऊन माहेरी निघाले. कराड ते कोल्हापूर म्हणजे एसटीनं दोनेक तासांचा रस्ता. पंचगंगेचा पूल आला की माझी जीभ आपोआप वळते आणि "मी आले" ऐवजी "मी आलो" म्हणू लागते, हे कोल्हापूरकरणींना वेगळं सांगायला नकोच. लेक बारा वर्षांची. शाळेत मुलींचा फुटबॉल संघ निघाला आहे, त्यात ती खेळते. वाटेत तिनं एकच घोषा लावला होता, "आई, या वेळी मला मॅच बघायचीच आहे."

घरी पोचलो, चहा झाला, गच्चीवर गेले तर काय दृश्य! मी जिथं सांडगे राखत बसायची, त्याच कोपऱ्यात माझा सतरा वर्षांचा भाचा मोबाईल घेऊन बसला होता. अंगात बार्सिलोनाचा शर्ट, कानात ती बोंडं. पडद्यावर शाहू स्टेडियममधलीच मॅच चालू! तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडून ओळखीची आरोळी उठली. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "आत्या, थांब, आता गोल दिसेल." खरंच, थोड्या वेळानं मोबाईलमध्ये गोल झाला. आरोळी आधी पोचते आणि चित्र मागून येतं! मला हसू आलं आणि लगेच कसंसंच वाटलं. पाच मिनिटं चाललं तर स्टेडियम, आणि पोरगा गच्चीवर का?

कारण वहिनीनं सांगितलं. मध्यंतरी एका सामन्याला दोन्हीकडच्या पोरांत जुंपली. आधी शिव्यांची गाणी, मग बाटल्या, मग दगड. हे लोण स्टेडियमबाहेर गल्लीपर्यंत आलं. भाच्याच्या वर्गातला एक मुलगा नुसता गर्दीत उभा होता, पण कॅमेऱ्यात दिसला आणि पोलीस ठाण्याच्या चकरा त्याच्या आईबापांच्या मागे लागल्या. "उद्या नोकरीच्या वेळी चौकशी आली तर?" वहिनी म्हणाली. "त्यापेक्षा मोबाईल परवडला. निदान डोळ्यांपुढं तरी आहे." आईचं मन आहे. मी काय बोलणार?

आणि आबा? तेही आता जात नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "काय राहिलंय तिथं? पूर्वी गोल मारणारं पोरगं दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला शेजारी उभं असायचं. पाठीवर थाप मारता यायची. आता निम्म्या खेळाडूंची नावं घेताना माझी कवळी निघते!" गेल्या काही वर्षांत संघ बाहेरून खेळाडू आणू लागलेत, नायजेरियाचे, घानाचेसुद्धा. भाचा उसळला, "आबा, त्यांच्यामुळंच खेळ सुधारलाय. आपली पोरं त्यांच्याकडनं शिकतात की!" तो रात्र रात्र जागून स्पेन-इंग्लंडच्या मॅच बघतो. माद्रिदच्या संघात कोण जखमी आहे ते त्याला पाठ. आबांना पेठेच्या तीन पिढ्या पाठ. दोघं एकाच खेळाचे वेडे, पण एकमेकांशी बोलायला शब्द नाहीत. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असं होतं का? विषय वेगळा असेल, सिनेमाचा नाहीतर गाण्याचा, पण आजोबा एका गावात आणि नातू दुसऱ्याच.

तसं पाहिलं तर परदेशी संघांचं वेड कोल्हापूरला नवीन नाही. विश्वचषक आला की पेठांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिना अशी उभी फूट पडते. 2022 च्या डिसेंबरात कतारमध्ये अर्जेंटिना जिंकली, तेव्हा इथं लोक रस्त्यावर उतरून नाचले होते. फरक एवढाच, की तेव्हा सगळे एकत्र नाचले. भाचा बघतो ते एकटा, कानात बोंडं घालून.

दोन दिवसांनी एका चषकाचा उपांत्य सामना होता, आमच्या पेठेचा. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीला म्हटलं, "आपण चौघं जाऊ. तू, मी आणि दोन्ही मुलं." वहिनीचा हात कणकेतच थांबला. वीस वर्षं या घरात राहून तीही कधी गेली नव्हती! दादा म्हणाला, "जावा की. बायकांची बसायची बाजू वेगळी असते आता." आबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मी येणार नाही."

तर, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी शाहू स्टेडियममध्ये पाऊल टाकलं. पायऱ्या उन्हानं तापलेल्या. वर्तमानपत्र अंथरून बसलो. हलगी कडकडत होती, तिचा ताल पोटात वाजतो म्हणा ना! तांबड्या धुळीतून खेळाडू पळायला लागले की चेंडूपेक्षा त्यांचे श्वास जास्त जवळ वाटतात. आमच्या बाजूला पन्नासेक बायका असतील. कुणी कॉलेजच्या मुली, कुणी लेकुरवाळ्या. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्यांचा नातू खेळत होता. तो पडला की त्या पदर मुठीत धरायच्या, उठला की सोडायच्या. दोन तासांत त्या पदराचा पार बोळा झाला.

मध्येच आमच्या मागच्या कठड्यावरून सात-आठ पोरांनी एक गाणं सुरू केलं. त्यातले शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आजीच मागं वळल्या. "ए बाळा, तुझी आई हितं माझ्या शेजारी बसलीया, असं समज आणि मग म्हण." एवढंच. आवाज चढवला नाही. पोरं ओशाळली, गाणं बंद पडलं. पाच मिनिटांनी त्यांच्यातल्याच एकानं आजींना पाण्याची बाटली आणून दिली.

मी खोटं सांगणार नाही. समोरच्या बाजूला तसली गाणी शेवटपर्यंत चालली. मॅच संपता संपता एक बाटलीही मैदानात येऊन पडली. पोलीस पुढं सरकले, तेव्हा वहिनीनं माझा दंड असा धरला की वळ उठले. एका आजीनं सगळं गाव सुधारत नाही. पण आमच्या बाजूच्या सात-आठ पोरांपुरतं तरी फरक पडला, तो मी डोळ्यांनी पाहिला.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या संघाचा गोल झाला, तेव्हा भाचा मोबाईल उंच धरून चित्रण करत होता. सगळे उड्या मारत होते आणि तो पडद्यात बघत विचारत होता, "झाला का? कुणी मारला?" माझी लेक त्याला म्हणाली, "दादा, समोर बघ की रे!" त्याला काय वाटलं कोण जाणे, पण मोबाईल खिशात गेला. उरलेली मॅच त्यानं नुसत्या डोळ्यांनी पाहिली. जाताना म्हणाला, "आत्या, हितं आवाज आणि गोल एकदमच येतो!"

परतताना खासबागेजवळ भेळ खाल्ली. लेकीनं तिथं विचारलं, "आई, इथं मुलींची मॅच कधी असते?" मला 2017 चा सप्टेंबर आठवला. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, म्हणून 15 सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळांमधून फुटबॉल खेळला गेला. मीही साडी खोचून चौथीच्या मुलींबरोबर चेंडू मारला होता. त्या विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, हे मी वर्गात अभिमानानं सांगत असे. पण मुलींना सांगायला माझ्याकडे नाव नव्हतं. भाच्यानंच सांगितलं, "अगं, 2019 ला लुधियान्यात मुलींची इंडियन विमेन्स लीग झाली, तिथं एफसी कोल्हापूर सिटी म्हणून आपल्या गावाच्या नावाचा संघ उतरला होता." लेक भेळ खायची थांबली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते तुम्हा आयांना सांगायला नको.

घरी आलो तर आबा कुठं असावेत? गच्चीवर! खुर्ची टाकून, स्टेडियमकडे कान लावून. आम्हाला बघताच म्हणाले, "दुसऱ्या हाफमध्ये एक नेम चुकला ना? आरोळी तुटली मधेच." जन्मभर मी जिथं बसून ऐकलं, तिथं आबा बसले होते आणि मी बघून आले होते. लेकीनं मग त्यांना सगळी मॅच हातवारे करून सांगितली. कुणी कुणाला चकवलं, आजी काय म्हणाल्या, सगळं. भाच्यानं परदेशी खेळाडूचं नाव आबांकडून तीनदा घोकून घेतलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. जेवताना आबांनी ताटाकडे बघतच विचारलं, "फायनल कधी आहे म्हणालीस?"

मैत्रिणींनो, तुमच्या गावात फुटबॉल नसेल. क्रिकेट असेल, कबड्डी असेल, कुस्तीचा फड असेल. आपली मुलं तिथं जातात किंवा भीतीपोटी आपण त्यांना पाठवत नाही. दोन्हीपेक्षा एकदा त्यांच्याबरोबर जाऊन बसावं, असं मला वाटतं. जाताना अर्धा तास आधी पोचा. अंथरायला जुनं वर्तमानपत्र, डोक्याला टोपी आणि पिशवीत लिंबू-साखर-मिठाचं पाणी असू द्या. लहान मुलं बरोबर असतील तर कुठल्याच संघाच्या रंगाचे कपडे नकोत. बाहेर पडायचं फाटक आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. वातावरण तापतंय असं वाटलं, तर शेवटची शिट्टी व्हायच्या आत निघा, त्यात कमीपणा नाही.

आणि मागं कुणी भलतं गाणं म्हणू लागलं, तर वळून बघा. आपण आई आहोत, एवढं त्यांना आठवलं तरी पुष्कळ झालं.