पत्रावरचे नाव

सेलूच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान चालविणारे एक वयोवृद्ध व्यापारी वर्षातून दोनदा पत्रे लिहावयास बसत: एकदा दिवाळीपूर्वी, कापसाची वेचणी सुरू होण्याच्या सुमारास आणि पुन्हा लग्नसराईच्या तोंडावर. पन्नास पैशांच्या कार्डावर ग्राहकाचे नाव, गाव, नवा आलेला माल व त्याचा भाव एवढाच मजकूर असे. एखाद्या कार्डावर एक ओळ अधिक असे: ‘मागील खेपेच्या लुगड्याचा रंग उतरला असल्यास घेऊन यावे, बदलून मिळेल.’ जिंतूर, मानवतकडील खेड्यांत ही कार्डे देवळीत जपून ठेवली जात.

पुढे मुलगा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दुकानात बसला. हाताने दोनशे कार्डे लिहिण्याचा खटाटोप त्याला कालबाह्य वाटला. त्याने वहीतील नावे संगणकावर चढविली, आणखी काही हजार पत्ते विकत आणले आणि रंगीत छापील पत्रे धाडली. ‘केवळ आपल्यासाठी’, ‘शेवटचे तीन दिवस’ असे त्यावर ठळक अक्षरांत होते. ते तीन दिवस महिनाभर चालले. पहिल्या दिवाळीस गर्दी झाली. दुसऱ्या वर्षी तीच पत्रे पुन्हा गेली. गर्दी मात्र आली नाही.

त्याच सुमारास एक वृद्ध शेतकरी स्त्री पत्र घेऊन दुकानात आली. ते तिच्या दिवंगत पतीच्या नावे होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “शेठ, कार्ड तुमच्या हातचं असतं तर यांचं नाव घातलं नसतं. तुम्ही तर मातीला आला होता.”

म्हातारबांनी पत्र घडी करून गल्ल्यात ठेवले. रात्री दुकान वाढविताना ते मुलाला म्हणाले, “अरे, नाव ही ग्राहकानं आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे.”

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटा लेख करणे म्हणजे कूटलेखक्रिया हा त्यांतील एक, आणि विश्वासाने सोपविलेली ठेव गिळणे म्हणजे न्यासापहार हाही एक. ‘शेवटचे तीन दिवस’ हा कूटलेखच नव्हे काय? आणि ग्राहकाचा पत्ता त्याला न विचारता विकणे वा विकत घेणे, हे न्यासापहारापासून कितीसे दूर आहे?

पत्राने विश्वास जोडता येतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला नांगर रुजवावा लागला. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची व ग्राहकांची वार्ता देणारे पत्रक होते. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे एक मान्यवर मासिक झाले. मालाची जाहिरात करता करता वाचकाच्या उपयोगाचेही काही द्यावे, हे त्यामागचे सूत्र होते.

सेलूच्या त्या दुकानात विकत घेतलेली यादी पुसण्यात आली. उरलेली नावे पिता-पुत्रांनी वहीशी एकेक ताडून पाहिली. दिवंगतांची नावे वगळली, ज्यांना पत्र नको त्यांच्या नावापुढे खूण केली. छपाई संगणकावरच राहिली. परंतु सवलतीची तारीख खरी, भाव पूर्ण, आणि खाली मालकाची सही व दुकानाचा पत्ता, असा दंडक ठरला. तारीख उलटली की सवलत बंद, मग दारी आलेला कितीही जवळचा असो.

पर्युषणानंतर आप्तांना व व्यापारी मित्रांना क्षमापनेची कार्डे धाडण्याचा त्या घरचा जुना प्रघात. पुढील वर्षी ती ग्राहकांनाही गेली. त्यांत मालाचा उल्लेख नव्हता. मागील पत्रांतील असत्याबद्दल क्षमा मागितली होती. पहिले कार्ड त्या वृद्धेला, तिच्या स्वतःच्या नावे, मुलाने आपल्या हाताने लिहिले.

दिवाळीत ती आली. नातवासाठी सदऱ्याचे कापड घेतले; भाव मात्र विचारला नाही.