गाठीचा पत्ता

पैनगंगा ओलांडून दक्षिणेला आलं, तरी मराठी संपत नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनद या भागांत घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू आणि बांधाला बांध लागून गोंडी, कोलामी असा दिवस बिनबोभाट पार पडतो. पण एमआरआयचा रिपोर्ट हाती आला की चार-पाच भाषांत व्यवहार करणाऱ्या माणसाचीही मती गुंग होते. ‘वेस्टिब्युलर श्वानोमा’ हे शब्द यांतल्या कुठल्याच भाषेचे नाहीत. डॉक्टरांनी ‘कानाच्या नसेवर साधी गाठ’ म्हटलं, तरी घरच्यांच्या मनात ‘गाठ’ तेवढी उरते, ‘साधी’ विरून जाते. म्हणूनच हे शब्द रुग्णाने समजून घ्यायला हवेत, आणि ते त्याच्या आवाक्यातलेच आहेत.

कारण हे शब्द म्हणजे गाठीचा पत्ता आहे. जुनं नाव अकूस्टिक न्यूरोमा. म्हणजे ऐकण्याच्या नसेवरची गाठ. प्रत्यक्षात ती बहुधा मेंदूकडून येणाऱ्या आठव्या नसेच्या तोल सांभाळणाऱ्या फांदीवर, नसेभोवतीच्या श्वान पेशींतून उगवते. म्हणून 1991 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने वेस्टिब्युलर श्वानोमा हे नाव अधिक योग्य ठरवलं. गाठ कॅन्सरची नसते, बहुतेकदा सावकाश वाढते, कित्येकदा वर्षानुवर्षं वाढतही नाही. मात्र तिची जागा अडचणीची. कानाच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून ऐकण्याच्या, तोलाच्या आणि चेहऱ्याच्या नसा शेजारी-शेजारी जातात. त्यामुळे एकाच कानाने कमी ऐकू येतं, त्यात गुणगुण सुरू होते, तोल डळमळतो. फोन त्या कानाला लावला की आवाज येतो, शब्द उमगत नाहीत. ऑडिओग्रामच्या कागदावर या दोन गोष्टी वेगळ्या मोजलेल्या असतात: आवाज किती डेसिबलला ऐकू येतो, आणि ऐकलेले शब्द किती टक्के ओळखता येतात. ‘कूस ग्रेड’ गाठ कुठवर पोचली ते सांगते: पहिलीत ती बोगद्यातच असते, चौथीत मेंदूच्या देठाला (ब्रेनस्टेमला) ढकलू लागते.

यावर कुणी म्हणेल, लाखात वर्षाला एखाद-दोघांना होणाऱ्या आजारासाठी एवढा खटाटोप कशाला? आणि जाणून भीतीच वाढणार ना? पण भीती अर्धवट ऐकण्याने वाढते. ‘कॅन्सर नाही’ हे नीट कळलं की निम्मी ओसरते. दुसरा आक्षेप असा, की शिकलेल्यांनाही न कळणारे शब्द शेतकऱ्याला कसे कळावेत? त्याचं उत्तर आदिलाबादच्या कापूस बाजारात आहे. तिथला शेतकरी ‘मॉइश्चर’ हा शब्द अचूक वापरतो. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, पुढे कपात, 12 च्या वर सीसीआय (कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) कापूस घेत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला हा शब्द कुणी शाळेत शिकवला नाही. त्यावर पैसा अवलंबून होता, म्हणून तो शिकला. इथे तर ऐकणं आणि चेहरा पणाला लागलेला असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: निर्णय डॉक्टरांचाच असतो, मग रुग्णाने शब्द कशाला शिकावेत? गाठ मोठी असेल, मेंदूवर दाब असेल, तर निवडीला फारसा वाव नसतोच. लहान गाठीत मात्र वाटा तीन: ठरावीक काळाने एमआरआय करत वाट पाहणं, गॅमा नाइफसारखे नेमके किरण देणं, किंवा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेचेही मार्ग वेगवेगळे. ट्रान्सलॅबिरिंथाइन मार्गाने गेलं तर त्या कानाचं उरलंसुरलं ऐकणं जातं. दुसऱ्या मार्गांत ते टिकण्याची शक्यता असते, खात्री नसते. काय टिकवायचं आणि किती जोखीम घ्यायची, हे यंत्र सांगत नाही. ते ज्याचा कान आहे त्यानेच सांगायचं असतं, आणि प्रश्न कळल्याखेरीज उत्तर देता येत नाही.

म्हणून आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयातून पुढे हैदराबादला जा किंवा नागपूरला, कागद पुढे ठेवून चार गोष्टी विचारा: गाठ कुठे आहे, किती मिलिमीटर आहे, मागच्या तपासणीपेक्षा वाढली का, आणि प्रत्येक उपायात ऐकण्याचं व चेहऱ्याच्या नसेचं काय होईल? उत्तर आपल्या भाषेत मिळेपर्यंत पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे.