कापडाच्या फळीवर

इंद्रवेल्लीत आमचं कापडाचं दुकान. शटर पडलं की पुतणी कापड मोजायच्या फळीवर टेबल टेनिस खेळते. दोन रिळांवर गज आडवा ठेवला, झाली जाळी! २०२४ साल आम्ही दोघींनी त्या फळीपाशी, फोनवर सामने बघत काढलं.

फेब्रुवारीत इकडे केस्लापूरला नागोबाची जत्रा, तिकडे बुसानला जागतिक सांघिक स्पर्धा. अहिका मुखर्जीने जगात पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं. अहिकाच्या बॅटला एका बाजूने अँटी-स्पिन रबर; चेंडूची फिरकी त्यावर मरते आणि समोरचीचा अंदाज चुकतो. मग श्रीजा अकुलाने वांग यिदीला नमवलं. शेवटी चीनच ३-२ जिंकला. पण पुतणी म्हणते कशी, "काकू, श्रीजा आपल्या हैदराबादची ना!"

पॅरिसला आपला महिला संघ पहिल्यांदाच ऑलिम्पिक खेळला. रुमानियाला हरवलं, जर्मनीकडून १-३ हरला. तो एक विजय अर्चना कामतचा. थोड्याच दिवसांत कळलं, चोवीस वर्षांची अर्चना खेळ सोडून परदेशी शिकायला निघाली.

जाऊबाईंना तेवढंच हवं होतं. "बघ, शेवटी पुस्तकच कामी येतं."

मला नाही पटलं. अर्चनाने ऑलिम्पिक गाठून मग निवड केली; आमच्या पोरीला अजून धड टेबल मिळालेलं नाही.

ऑक्टोबरात अस्तानाला आशियाई स्पर्धेत महिला संघाने पहिलं सांघिक पदक मिळवलं, कांस्य. दसऱ्याची गिऱ्हाइकी, बघायला वेळ कुणाला? रात्री गल्ला मोजताना पुतणीने हळूच विचारलं, "काकू, हैदराबादला शिकवणीची फी किती असंल?"

जाऊबाई ऐकत होत्या. त्यांच्याकडे न बघता मी म्हटलं, "विचारू."