प्रेमाला यमक हवे

परवा आमच्या कन्येने मला भलत्याच पेचात टाकले. कॉलेजच्या वार्षिकासाठी तिला इंग्रजीत कविता करायची होती. "बाबा, 'लव्ह'ला यमके सांगा ना!" ती म्हणाली.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मोरोपंतांच्या आर्या शिकवण्यात उमेद गेली. यमक म्हणजे घरचाच माल! मी ऐटीत चष्मा पुसला आणि म्हणालो, "डव्ह."

"ते झालं. पुढे?"

"ग्लव्ह... अबव्ह..." आणि गाडी अडली. बऱ्याच वेळाने 'शव्ह' सापडला. पण त्याचा अर्थ ढकलणे. प्रेमकवितेत कोणी कोणाला ढकलायचे? शेवटी तिने फोनला विचारले. रोजच्या वापरातले तेच चार शब्द त्यानेही पुढे केले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजी गाण्यात प्रेम आले की मागोमाग कबूतर येते, नाहीतर वरचे आभाळ येते. आपण समजतो, ही कवीची कल्पना. अहो, कसली कल्पना! यमक त्या बिचाऱ्याला कान धरून तिकडे नेते. शेक्सपिअरचीसुद्धा यातून सुटका नव्हती. 1609 साली छापलेल्या त्याच्या सुनीतांपैकी 116 व्या सुनीतात 'लव्ह'ची जोडी 'रिमूव्ह'शी लावलेली आहे. त्या काळी हे उच्चार एकमेकांच्या जवळ असावेत, असे अभ्यासक म्हणतात. आज मात्र ते यमक डोळ्यांना दिसते, कानांना पटत नाही. इटालियन कवी नशीबवान. त्यांच्या 'अमोरे'ला हृदयाचा 'कुओरे' आहे, फुलाचा 'फिओरे' आहे आणि दुःखाचा 'दोलोरे'ही आहे. प्रेमाची सगळी कहाणी यमकातच तयार!

"मग मराठीत मजाच असेल," कन्या म्हणाली.

मी तोंड उघडले आणि तसाच थांबलो. प्रेम... नेम, क्षेम, हेम. संपले! हेम म्हणजे सोने. त्याचा आजचा भाव पाहता ते कवितेतच बरे. कन्येने 'फ्रेम' आणि 'गेम' यांची भर घातली, ती मी प्राध्यापकी बाण्याने नामंजूर केली. उरले दोनच, नेम आणि क्षेम. आमची भाषा इतकी दरिद्री कशी, म्हणून मी जरा खट्टू झालो.

आणि एकदम वडिलांची आठवण झाली.

मी शिकायला वसतिगृहात होतो, तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. दर सोमवारी वडिलांचे कार्ड येई. "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझे क्षेम कळवणे." खाली पावसाची हकीकत, नाहीतर गाय व्याल्याची बातमी. बस्स! मित्र ती कार्डे वाचून हसत, मीही हसे. चार कार्डांना माझे एक उत्तर जाई. सोमवार मात्र कधी चुकला नाही. एकदा अक्षर फार वेडेवाकडे आले होते. वडील तेव्हा तापाने अंथरुणाला खिळले होते, हे मला सुट्टीत आईकडून कळले. त्या कार्डातही सर्व क्षेमच होते.

मी ट्रंक काढून ते कार्ड कन्येच्या हाती दिले. तिने दोनदा वाचले.

"पण बाबा, यात प्रेम हा शब्द कुठे आहे?"

"शब्द नाही," मी म्हणालो, "पण त्याची दोन्ही यमके आहेत."

ती काही बोलली नाही. कार्ड मात्र तिने परत दिले नाही, आपल्या वहीत ठेवले. कविता दुसऱ्या दिवशी पुरी झाली. शेवटच्या ओळीत कबूतर आलेच. पण या वेळी त्याच्या चोचीत एक पत्र होते.